प्याद्याचे एक घर

मुलांनो, वजीर आणि प्यादे हे शब्द तुम्हांला उर्दूतूनही ठाऊक आहेत. पण जुन्या देशी बुद्धिबळात बहुतेक ठिकाणी प्यादे पहिल्या चालीलाही एकच घर पुढे जाई, हे माहीत आहे का? पंजाबचे मीर सुलतान खान तोच खेळ शिकून १९२९ साली इंग्लंडला गेले आणि त्याच वर्षी ब्रिटिश विजेते झाले.

१९३०-३१ च्या हेस्टिंग्ज स्पर्धेत त्यांच्यासमोर माजी जगज्जेते कापाब्लांका बसले. खानसाहेब पांढऱ्या सोंगट्यांनी खेळत होते. सुरुवात 'क्वीन्स इंडियन' पद्धतीची झाली. पाचव्या चालीला त्यांनी डाव्या टोकाचे प्यादे एकच घर सरकवले. लहानपणची सवयच म्हणा ना! पट मांडून पाहा. आता काळ्या उंटाला पुढे येऊन पांढरा घोडा अडकवता येत नाही. ६५ चालींत कापाब्लांका हरले.

पुढे ही चाल जगज्जेते पेट्रोशियन यांच्या नावाने प्रसिद्ध झाली. त्या डावाच्या वेळी पेट्रोशियन जेमतेम दीड वर्षाचे होते! मला मात्र ते प्यादे सरकवताना खानसाहेबच आठवतात. १९६६ मध्ये त्यांचे निधन झाले. जागतिक संघटनेने त्यांना मानद ग्रँडमास्टर हा किताब दिला, तो २०२४ साली.