मस्त सोडा

"कुठं सोडू?"

"मस्तगडला. पण नुसतं नका सोडू, मस्त सोडा!"

हा बाबांचा विनोद. जालना स्टेशनवरून रिक्षात बसलो की ठरलेला. मी आणि ताई तो यायच्या आधीच हसायला लागायचो. मस्तगड म्हणजे आमच्या जालन्याची जुनी गढी. 1725 साली निजाम-उल-मुल्कच्या हुकमावरून काबील खानानं बांधलेली. त्यावरही बाबांचं तयार असायचं, "काबील होता म्हणून तर बांधू शकला!"

पुण्यात नोकरीला लागल्यावर मी दुसरं हसणं शिकलो. रोस्ट. कुणाचे उच्चार, कुणाचे कपडे, कुणाचा पगार. त्यात मी तरबेज झालो. बाबांचे विनोद मला बालिश वाटायला लागले.

एकदा सुट्टीत घरी आलो, तेव्हा बाबा फोनवर कस्टमर केअरशी इंग्रजीत झगडत होते. मी गुपचूप व्हिडिओ काढला, खाली मजेशीर ओळी टाकल्या आणि फॅमिली ग्रुपवर सोडला. हसणाऱ्या इमोजींचा पाऊस पडला. बाबांनीही एक टाकला.

दिवाळीला ते आम्हाला घ्यायला स्टेशनवर आले. रिक्षावाल्यानं विचारलं, "कुठं सोडू?"

"मस्तगड."

मी आणि ताई थांबलो. पुढे काहीच आलं नाही. घर येईपर्यंत ताई माझ्याकडे बघत होती.

लहानपणच्या त्या विनोदात कुणीच पडायचं नाही, कुणाला लागायचं नाही. माझ्या विनोदाला दर वेळी कुणीतरी बकरा लागायचा. या वेळी तो घरातलाच निघाला. सॉरी म्हणालो, तर बाबा म्हणाले, "अरे, चांगला होता की व्हिडिओ." याचंच जास्त वाईट वाटलं.

धुळवडीला पुन्हा गेलो. हत्ती रिसाल्याची मिरवणूक बघायला बाबांना घेऊन गेलो. आजूबाजूला बँकवाले, दुकानदार, आजोबा, सगळे रंगून माकडं झालेले. त्या दिवशी अख्खं जालना सात वर्षांचं असतं.

परतताना रिक्षा केली. रिक्षावाला कानापर्यंत हिरवा.

"कुठं सोडू?"

"मस्तगडला," मी घाईघाईनं म्हणालो, "पण नुसतं नका सोडू, मस्त सोडा."

तो हसला नाही. ताई इथं असती तर हसली असती. बाबा बाहेर बघत राहिले. दोन चौक गेल्यावर म्हणाले,

"टायमिंग चुकतं तुझं. 'मस्त'च्या आधी जरा थांबायचं असतं."