बॉम्बे हाय, तुझ्या ओहोटीबद्दल

प्रिय बॉम्बे हाय,

कागदोपत्री तू केव्हाच मुंबई हाय झालंस, पण जुन्या नावाची सवय सुटत नाही, तेव्हा चालवून घे. पत्र तुझ्या नावाने असलं तरी ते दिल्लीने वाचावं अशी इच्छा आहे. तू आटत चाललं आहेस हे तिथे कुणापासून लपलेलं नाही. त्यावर करायचं काय, याची तिथली उत्तरं मात्र मला पटत नाहीत.

तू सापडलंस तो मुहूर्तच तसा होता. ऑक्टोबर 1973 मध्ये अरब देशांनी तेल रोखलं आणि काही महिन्यांत जगात भाव चौपट झाले. आपल्याकडे दरवाढीच्या निषेधार्थ वाजपेयी बैलगाडीत बसून संसदेत गेले. आणि फेब्रुवारी 1974 मध्ये, मुंबईपासून सुमारे 160 किलोमीटरवर भर समुद्रात, ‘सागर सम्राट’ या विहिरी खोदणाऱ्या जहाजाला तुझ्या चुनखडकात तेल लागलं. 1976 च्या मे महिन्यात ते वर यायला लागलं. सरकारला एवढा हर्ष झाला की पुढे ‘सागर सम्राट’चं चित्र एक रुपयाच्या नोटेवर आलं. आहेराच्या पाकिटात पाचशेच्या जोडीला घातलेली नोट हाती लागली तर उलटून पाहावी, समुद्रात पाय रोवून उभा आहे.

तुझा दोष नाही, पण टंचाई आली की नवा साठा शोधायचा, ही खोड सरकारला तुझ्यामुळेच लागली. 1980 च्या दशकाच्या मध्यावर देशाला लागणाऱ्या तेलापैकी दोन तृतीयांशाच्या आसपास देशातच निघत होतं आणि त्यात सिंहाचा वाटा तुझा होता. मार्च 1985 मध्ये तू दिवसाला सुमारे 4 लाख 70 हजार पिंपं देत होतंस. मग दुभत्या जनावराचं होतं तेच तुझं झालं. झेपेल त्याहून जास्त उपसा झाला, खडकातला दाब उतरला आणि नव्वदीच्या सुरुवातीला उत्पादन गडगडलं. दाब टिकवायचा तर समुद्राचंच पाणी गाळून, त्यातला प्राणवायू काढून खाली दामटावं लागतं. काही वर्षांनी तेच पाणी तेलाबरोबर वर यायला लागतं, आणि पिंपामागे उपसायचा पसारा वाढत जातो. 2000 नंतर तुझ्या पुनर्विकासावर हजारो कोटी खर्च झाले. त्याने घसरण लांबली, हे मान्यच करायला हवं. तरी 2024 च्या एप्रिलमध्ये तू दिवसाला 1 लाख 34 हजार पिंपांवर आलं होतंस. जानेवारी 2025 मध्ये दहा वर्षांसाठी ‘बीपी’ या ब्रिटिश तेल कंपनीला तांत्रिक मदतीला घेतलं. तुला शोधणारा ‘सागर सम्राट’ही निवृत्त झालेला नाही. त्याला उत्पादनाच्या फलाटात बदलून 2022 च्या डिसेंबरात पुन्हा कामाला जुंपलं.

आता दिल्लीचं ऐक. मार्च 2015 मध्ये पंतप्रधानांनी जाहीर केलं, आयातीवरचं अवलंबन 77 टक्के आहे, ते 2022 पर्यंत 67 वर आणू. ते 67 वर आलं नाहीच, उलट 85 च्या पुढे गेलं. या अपयशाबद्दल सरकारला फारसं कुणी धारेवर धरलं नाही, हे मला जास्त खटकतं.

विशाखापट्टणम, मंगळुरू आणि पाडूरला खडकात गुहा खोदून अडचणीच्या वेळेसाठी तेलाचा साठा केला. भरलेल्या असल्या तर साधारण साडेनऊ दिवसांची बेगमी. 2020 च्या एप्रिल-मेमध्ये भाव तळाला असताना त्या भरून घेतल्या, हा व्यवहार चोख होता. पण साठा अडीअडचणीला असतो, आटलेल्या विहिरीला त्याचा काय उपयोग?

इथेनॉलची गोष्ट आपल्या दाराशी येते. पेट्रोलमध्ये वीस टक्के मिसळायचं, म्हणून राज्यातल्या साखर कारखान्यांनी कर्ज काढून डिस्टिलऱ्या वाढवल्या. 2023 ला पाऊस हुकला, साखर कमी पडेल असं दिसलं आणि 7 डिसेंबरला ऐन गाळपात उसाच्या रसापासून इथेनॉल करायला केंद्राने बंदी घातली. ओरड झाल्यावर आठवडाभरात ती थोडी सैल केली. तेलाच्या जागी ऊस आणायचा म्हणजे अरबांऐवजी मोसमी वाऱ्याच्या तोंडाकडे बघायचं. आणि इकडे पेट्रोल कमी जाळायचं म्हणत असताना तिकडे राजापूर तालुक्यात नाणारला, मग बारसूला वर्षाला सहा कोटी टनांची रिफायनरी आणायची धडपड चालू होती. ही दोन सरकारं होती की एकच, असा प्रश्न राजापुरातल्या माणसाला पडला तर तो गैर नाही.

खरी गोम तिजोरीत आहे. 2014 च्या नोव्हेंबरपासून 2016 च्या जानेवारीपर्यंत जगात तेल स्वस्त होत गेलं आणि केंद्राने नऊ वेळा अबकारी वाढवली. पेट्रोलवरची लिटरमागे 9 रुपये 48 पैशांवरून 21 रुपये 48 पैशांवर गेली, डिझेलवरची साडेतीन रुपयांवरून सव्वासतरा रुपयांच्या पुढे. राज्यांचा व्हॅट वेगळाच. जीएसटीत पेट्रोल आणायचा विषय निघाला की सगळ्या पक्षांची राज्यं एका सुरात नाही म्हणतात. लोकांनी गाड्या कमी चालवाव्यात असं ज्या सरकारला मनापासून वाटेल, त्याचा वित्तमंत्री त्या रात्री झोपणार नाही.

म्हणून जे खरंच साधलं, ते तेलाच्या नावाने साधलंच नाही. कोकण रेल्वेचं बघ. 1999 पासून ती भरलेले ट्रक वाघिणींवर चढवून कोलाडहून गोव्याकडे नेते. ड्रायव्हर आपल्याच ट्रकच्या केबिनमध्ये पाय पसरून झोपतो आणि घाटातलं डिझेल वाचतं. रोह्यापासून ठोकूरपर्यंतचा सातशे चाळीस किलोमीटरचा तो मार्ग पूर्ण विजेवर आला आणि जून 2022 मध्ये त्याचं लोकार्पण झालं. देशभर रेल्वेने डिझेल इंजिनं जवळजवळ बाजूला सारली. वीज अजून मुख्यतः कोळशाची आहे, हे खरं, पण तो कोळसा बराचसा आपला आहे. तेलाची गरज मुळातून कमी करणारं याहून मोठं काम मला तरी दिसत नाही. त्यासाठी कुणी बैलगाडीत बसलं नाही, की नोटेवर चित्र छापलं नाही.

तुझ्या उत्पादनाचे अंदाज दरवर्षी निघतात, बहुधा आशावादी. त्यांच्या शेजारी अर्थसंकल्पात आणखी एक तक्ता छापावा: येत्या दहा वर्षांत पेट्रोल-डिझेलवरच्या करातले किती रुपये दरसाल सोडायची तयारी आहे, आणि ते कुठून भरून काढणार. दुसरा तक्ता तुझ्यापुरता. समुद्रात उभे असलेले तुझे लोखंडी फलाट कोणत्या वर्षी, कोणाच्या खर्चाने काढणार. हे दोन तक्ते ज्या वर्षी येतील, त्या वर्षी सरकारने तुझं वय मनावर घेतलं असं मी समजेन.

तुझा,
तुझ्या गॅसवर रोज चहा उकळणारा एक मुंबईकर