मक्ता नसलेलं गाणं

गझलेच्या शेवटच्या शेरात, म्हणजे मक्त्यात, शायर आपला तखल्लुस गुंफतो. शेर जिथं जाईल तिथं त्याचं नावही जातं. वर्गात हे शिकवताना आम्हांला नेहमी वाटायचं, गाण्यांनाही मक्ता असता तर! आयव्हर नोव्हेलोची कहाणी वाचली आणि ही हुरहूर वाढली.

हा वेल्समधल्या कार्डिफचा. जन्म 1893 चा, खरं नाव डेव्हिड आयव्हर डेव्हिस. आई क्लारा नोव्हेलो डेव्हिस गाणं शिकवायची. स्त्रियांचा गायनवृंद घेऊन ती त्याच वर्षी शिकागोच्या जागतिक प्रदर्शनापर्यंत गेली होती. मुलानं आईच्या नावातलं 'नोव्हेलो' उचललं. हा त्याचा तखल्लुसच म्हणायचा.

1914 साली पहिलं महायुद्ध पेटलं. एकवीस वर्षांच्या या तरुणानं 'कीप द होम फायर्स बर्निंग' या गाण्याला चाल दिली. लढाईवर गेलेले परत येईपर्यंत घरातली आग विझू देऊ नका, असा त्याचा आशय. ते घरोघरी गायलं गेलं. पुढं तो मूकपटांचा नायक झाला, 1927 मध्ये हिचकॉकच्या 'द लॉजर'मध्ये चमकला. 1935 पासून लंडनच्या ड्रुरी लेन थिएटरात त्याच्या संगीत नाटकांना गर्दी लोटली. 1944 मध्ये युद्धकाळातल्या पेट्रोलच्या नियमभंगापायी त्यानं महिनाभर तुरुंगही भोगला; तरी रसिकांनी त्याला अंतर दिलं नाही. 1951 मध्ये तो वारला. आज लंडनमध्ये त्याच्या नावाचं नाट्यगृह आहे आणि गीतकार-संगीतकारांना त्याच्या नावाचे पुरस्कार मिळतात.

पण त्या गाण्याचे शब्द त्याचे नव्हते. ते लीना गिल्बर्ट फोर्ड या लंडनमध्ये राहणाऱ्या अमेरिकन बाईंनी लिहिले होते. मार्च 1918 मध्ये जर्मन विमानांच्या बॉम्बहल्ल्यात त्यांचं घर कोसळलं. त्या आणि त्यांचा मुलगा, दोघंही गेले. दुसऱ्यांची घरं उबदार ठेवा म्हणणाऱ्या बाईंचं घरच उरलं नाही. त्यांचं नावही फारसं कुणी घेत नाही.

यात नोव्हेलोचा दोष नाही. दोष ऐकणाऱ्यांचा, म्हणजे आमचाही. शाळेच्या जलशासाठी मुलांकडून गाणी बसवून घेताना आम्ही चालीवर तासन्‌तास घालवतो. शब्द कुणाचे, हे सांगायचं राहून जातं. मक्ता नसलेल्या गाण्याचं एवढं देणं तरी आम्ही लागतो. यंदा ठरवलंय, आधी फळ्यावर शायराचं नाव लिहायचं, मग पेटी उघडायची.