डावखुऱ्या हातासाठी रॅकेट

डावखुऱ्या खेळाडूसाठी वेगळी टेनिस रॅकेट नसते. शिंप्याची कात्री उजव्या हाताला धार्जिणी असते, हॉकीत तर डाव्या हाताची काठी नियमानेच चालत नाही. परंतु टेनिसची रॅकेट दोन्ही अंगांनी सारखी असल्यामुळे ती कोणत्याही हातात सारखीच बसते. तेरा वर्षांच्या नातीसाठी मोठ्या मापाची रॅकेट घ्यायला आम्ही निघालो, तेव्हा एवढे ज्ञान पहिल्याच दुकानात मिळाले. प्रश्न तेथेच संपला असता, तर हा लेख लिहिण्याचे कारण उरले नसते. रॅकेट सारखी असली, तरी डावखुऱ्याचा खेळ सारखा नसतो, आणि रॅकेट निवडायची ती खेळ पाहून.

आम्ही नावडे येथे राहतो. एका अंगाला तळोज्याची औद्योगिक वसाहत, दुसऱ्या अंगाला दिवा-पनवेल लोहमार्ग. टेनिसच्या कोर्टासाठी खारघर गाठावे लागते. आठवड्यातून चार दिवस नातीला तेथे नेण्या-आणण्याचे काम निवृत्तीनंतर आपसूक माझ्याकडे आले. बाकावर बसून तीन वर्षे तिचा खेळ पाहताना जुनी सवय सुटली नाही, आणि मी गुणांचा हिशेब मांडू लागलो.

त्या हिशेबातून एक गंमत हाती आली. टेनिसमध्ये गेम जिंकण्याचा गुण सर्व्हिस करणाऱ्याला चार स्थितींत मिळू शकतो: ४०-०, ४०-१५, ४०-३० आणि अ‍ॅडव्हांटेज. यांपैकी केवळ ४०-१५ या स्थितीत सर्व्हिस उजव्या बाजूने होते. उरलेल्या तिन्ही वेळी ती डाव्या बाजूने करावी लागते. डावखुऱ्याची स्लाइस सर्व्हिस त्याच्या डावीकडून उजवीकडे वळते. म्हणजे डाव्या बाजूने केलेली ही सर्व्हिस समोरच्याच्या बॅकहँडकडे जाऊन त्याला कोर्टाबाहेर ओढते. निर्णायक गुण बहुतेक वेळा ज्या बाजूने खेळले जातात, तीच बाजू डावखुऱ्याच्या सोयीची निघाली! जॉन मॅकेन्रोने या एका सर्व्हिसवर किती सामने काढले असतील! पुण्याला बालेवाडीत पूर्वी भरत असलेल्या महाराष्ट्र ओपन स्पर्धेत २०१९ साली रोहन बोपण्णाबरोबर दुहेरीचे विजेतेपद मिळवणारा दिविज शरण डावखुराच, आणि पुढच्याच वर्षी तेथे एकेरी जिंकणारा चेक खेळाडू यिरी व्हेसेलीही डावखुराच.

घरात मात्र डाव्या हाताकडे एवढ्या कौतुकाने पाहिले जात नव्हते. आमचे मूळ घर सांगली जिल्ह्यातले. पूजेचे द्रव्य डाव्या हाताने चढवायचे नाही, मुनींना आहार देताना डावा हात पुढे करायचा नाही, हे आमच्या सौभाग्यवतींच्या अंगी लहानपणापासून मुरलेले. नातीला रॅकेट उजव्या हातात द्यावी, मग बाकीच्या सवयी आपोआप बदलतील, असे त्यांचे म्हणणे होते. ते अगदीच निराधार नव्हते. केन रोझवॉल आणि मार्गारेट कोर्ट हे दोघेही जन्माने डावखुरे. दोघांनीही उजव्या हाताने टेनिस खेळून जग जिंकले. उलट राफाएल नादाल लिहितो उजव्या हाताने, पण टेनिस खेळला तो डाव्या हाताने, आणि फ्रेंच स्पर्धा १४ वेळा जिंकला. आपल्या सचिन तेंडुलकरची फलंदाजी उजवी, पण सही डाव्या हाताची. सांगलीत वाढलेली स्मृती मानधना फलंदाजी डाव्या हाताने करते आणि गोलंदाजी उजव्या. ही नावे मी एका संध्याकाळी सौभाग्यवतींपुढे मांडली. वाद मिटला नाही, वाटणी झाली. पूजा उजव्या हाताने, टेनिस डाव्या. नातीला दोन्ही मान्य आहे.

बँकेत असताना डावखुऱ्यांचे हाल मी जवळून पाहिले आहेत. काउंटरवरचे पेन दोरीने उजवीकडे बांधलेले असे. शाईच्या पेनाने खतावणी लिहिण्याच्या काळात आमच्या एका डावखुऱ्या सहकाऱ्याचा तळहात दिवसअखेर निळा होई, कारण त्याचा हात नुकत्याच लिहिलेल्या अक्षरांवरूनच पुढे सरकत असे. त्या मानाने टेनिसचे कोर्ट फार न्यायी.

आता प्रत्यक्ष निवडीकडे येतो. नातीची आधीची रॅकेट २६ इंचांची, मुलांच्या मापाची होती. आता २७ इंचांची, म्हणजे प्रौढांची हवी होती. तिचा खेळ टॉपस्पिनचा. डावखुऱ्याने तिरका मारलेला असा फोरहँड उजव्या हाताच्या खेळाडूच्या बॅकहँडवर, खांद्याइतका उंच उसळून जातो. त्यासाठी रॅकेट झपाट्याने वर फिरली पाहिजे. म्हणून वजन फार नको, आणि तेही मुठीकडे थोडे झुकलेले हवे. आम्ही २७० ग्रॅमच्या आसपासची, १०० चौरस इंच डोक्याची घेतली. तारांची वीण १६ उभ्या, १९ आडव्या अशी. १८ बाय २० च्या दाट विणीपेक्षा ही मोकळी असल्याने तारा सरकतात आणि चेंडूला अधिक गिरकी देतात. मुठीचे माप पाहण्याची रीत सोपी आहे. रॅकेट डाव्या हातात धरायची आणि बोटांची टोके व तळहात यांच्यामधल्या फटीत उजव्या हाताची तर्जनी बसते का, ते पाहायचे. ती सैल बसली तर मूठ मोठी, शिरलीच नाही तर लहान. डावखुऱ्याचे खरे वेगळेपण एकाच ठिकाणी येते: मुठीवरची पट्टी. ती उजव्या हातासाठी गुंडाळतात त्याच्या उलट दिशेने गुंडाळावी लागते. नाहीतर हाताच्या पिळाने तिच्या कडा उचलल्या जातात. दुकानदाराने हे आपणहून सांगितले नाही, नातीनेच त्याच्याकडून उलटे करून घेतले.

अडचण आली ती तारांपाशी. आधीच्या रॅकेटला पॉलिएस्टरच्या कडक तारा होत्या आणि काही आठवड्यांपासून नातीचे कोपर दुखत होते. प्रशिक्षकांनी सुचवले, नॅचरल गट लावा, हाताला त्याहून मऊ काही नाही. आपल्याकडे कोणत्याही तारा ओवण्याच्या कामाला सरसकट ‘गटिंग’ म्हणतात, त्यामुळे या शब्दाकडे कुणाचे लक्ष जात नाही. नातीचे गेले. तिने विचारले, “नॅचरल म्हणजे कशाचे?” दुकानदार म्हणाला, “गाईच्या आतड्याचे.”

ल्योंच्या बाबोला घराण्याने १८७५ साली अशी पहिली तार टेनिससाठी केली, तेव्हापासून ती श्रेष्ठ मानली जाते. रॉजर फेडरर उभ्या तारा याच वापरत असे. ताण सर्वांत जास्त काळ टिकतो, हातास धक्का कमी बसतो, हे सारे खरे आहे. माझ्या मुलाचे म्हणणे असे, की दुखणे आधी, बाकी नंतर. औषधाच्या कॅप्सूलचे आवरण कशाचे असते हे आपण प्रत्येक वेळी विचारतो का? मुद्दा बिनतोड होता, आणि मुलीच्या हाताची काळजी बापाला असणारच. मी काही बोललो नाही. हात तिचा होता.

नातीने नायलॉनच्या बारीक तंतूंची, मल्टिफिलामेंट म्हणतात ती तार निवडली. तीही मऊ असते, परंतु लवकर उसवते आणि ताण लवकर सोडते. हे तिला सांगूनच दिले. ताण ५० पौंड ठेवला, म्हणजे धक्का आणखी कमी. मुठीवरची पट्टीही चामड्याची नको म्हणून कृत्रिम घेतली. चेंडूवरच्या लवेत लोकर असते, हे तिला पुढे वाचनात सापडले; त्याचा निकाल अजून लागलेला नाही.

दोन महिन्यांत कोपराची तक्रार थांबली. ती नव्या तारांमुळे, कमी ताणामुळे, की मधल्या परीक्षेच्या सुट्टीमुळे, हे सांगता येणार नाही. आठवड्यातून जितके दिवस खेळ, तितक्या वेळा वर्षातून तारा बदलाव्यात असा टेनिसमध्ये एक ढोबळ हिशेब आहे. त्याप्रमाणे आमचा खर्च वर्षाला चार वेळचा. पुढची तारीख मी डायरीत मांडून ठेवली आहे, आणि तिच्याखाली नातीने आपल्या डाव्या हाताने लिहिले आहे: पट्टी उलटी.