गिझाल्लोची माता

धर्मगुरूला सुट्टी कशाला हवी, असा प्रश्न आपल्या धर्मग्रामांत अधूनमधून कानी येतो. प्रेषित आपले कार्य आटोपून परतले, तेव्हा प्रभू येशूनेच त्यांना एकांती जाऊन विसावा घेण्यास सांगितले, असे संत मार्क नमूद करतो. विसाव्याचा हा धडा मला उतारवयाच्या उंबरठ्यावर एका सायकलने दिला.

सेमिनरीतील माझा एक मित्र उत्तर इटलीत सेवा करतो. त्याच्या आग्रहास्तव कोमो सरोवराच्या परिसरात आठ दिवस सायकलने हिंडण्याचा योग आला. नकाशावर हे सरोवर पाय फाकून उभ्या राहिलेल्या माणसासारखे दिसते. दोन पायांच्या मधल्या टोकावर बेलाजियो हे गाव वसले आहे. काठाने ऑलिव्ह व सायप्रसची झाडे, वर चेस्टनटची राने आणि त्याहून वर उघडे कडे. आम्हा वसईकरांना सायकल परिचित आहे ती कष्टाची सोबतीण म्हणून. दुधाच्या किटल्या नि भाजीच्या पाट्या लादून पहाटे स्टेशन गाठणारी. केवळ सृष्टी न्याहाळण्यासाठी तिच्यावर बसणे मला प्रथम अवघडच वाटले. परंतु सायकलवरून गवताचा वास येतो, चर्चची घंटा ऐकू येते, भेटणाऱ्या माणसाला अभिवादन करता येते. हळूहळू मन निवत गेले.

बेलाजियोहून गिझाल्लोच्या माथ्यावर जाणारा रस्ता सुमारे दहा किलोमीटरचा आहे. सरोवराची पातळी समुद्रसपाटीपासून जवळपास २०० मीटर, तर माथा ७५४ मीटर. आरंभीचा चढ इतका खडा की मी बराच पल्ला सायकल हाती धरून चाललो. चिवेन्ना गावाजवळ रस्ता थोडा सपाट होतो, खाली निळे पाणी दिसते, आणि मग शेवटची चढण लागते.

माथ्यावर पवित्र मरियेचे लहानसे मंदिर आहे. दरोडेखोरांच्या तावडीत सापडलेल्या एका सरदाराने येथील मरियेच्या प्रतिमेपाशी धाव घेतली व तो बचावला, अशी आख्यायिका सांगतात. तेथील धर्मगुरू डॉन एर्मेलिंदो विगानो यांनी पुढाकार घेतला आणि १९४९ साली पोप बारावे पायस यांनी या मातेला सायकलस्वारांची आश्रयदाती म्हणून घोषित केले. आतील भिंती शर्यतवीरांच्या सायकलींनी व रंगीत सदऱ्यांनी भरल्या आहेत. जीनो बार्ताली व फाउस्तो कोप्पी या प्रतिस्पर्ध्यांच्या सायकली तेथे एकाच छताखाली नांदतात. बार्ताली हे श्रद्धावंत कॅथलिक. महायुद्धाच्या काळात ज्यू लोकांना वाचवण्याच्या कार्यात त्यांनी साहाय्य केले, याबद्दल इस्राएलच्या याद वाशेम संस्थेने २०१३ साली त्यांचा मरणोत्तर गौरव केला. हयातीत त्यांनी याचा कधी गाजावाजा केला नाही.

त्या विजयचिन्हांत एक मोडकी सायकल आहे. फाबियो कासार्तेल्ली हा कोमो परिसरातलाच तरुण. १९९२ साली बार्सेलोना ऑलिंपिकमध्ये त्याने सुवर्णपदक मिळवले आणि १८ जुलै १९९५ रोजी फ्रान्समधील शर्यतीत घाट उतरताना पडून तो मृत्यू पावला. वय अवघे २४.

त्या सायकलीपुढे मला माझ्या धर्मग्रामातील एक माऊली आठवली. त्याच वर्षी महामार्गावरील अपघातात तिचा मुलगा गेला होता. अंत्यविधीनंतर तिने विचारले होते, "फादर, माझाच का?" दैवी इच्छेविषयी सेमिनरीत पुष्कळ शिकलो, पण तिला सांगता येईल असे त्यात काही सापडले नव्हते. गिझाल्लोच्या मंदिरातही उत्तर लिहिलेले नाही. मात्र ते वाकलेले लोखंड तेथे कुणी अडगळीत टाकलेले नाही. विजेत्यांच्या सायकलींसोबत, मातेच्या नजरेसमोर, त्याला जागा दिली आहे. मी गुडघे टेकले आणि त्या मुलाचे नाव घेऊन जपमाळेचे एक दशक म्हटले.

परतल्यावर त्या घरी जाऊन हे सारे सांगितले. माऊली बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "त्या सायकलवरची धूळ कोण पुसतं, फादर?" मला ते ठाऊक नव्हते. तिने आत जाऊन मुलाचा फोटो आणला, पदराने पुसला आणि प्रथमच, न रडता, त्याच्याविषयी बोलू लागली. मी ऐकत बसलो. दुसरीकडे जाण्याची घाई मला त्या दिवशी नव्हती. चढावर सायकल ढकलत चालताना लाभलेला धीर असा घरापर्यंत माझ्यासोबत आला होता.