पंचवीस ठोके

२००७ चा ऑक्टोबर. मुरगावच्या बंदरात आमचं जहाज डॉल्फिनना बांधलेलं होतं. डॉल्फिन म्हणजे पाण्यात रोवलेले बांधणीचे खांब. तिथे धक्का नसतो. दोन्ही अंगांना बार्ज, म्हणजे माल आणणाऱ्या सपाट बोटी, येऊन लागतात आणि जहाजाच्याच क्रेन ग्रॅबने लोहखनिजाची माती उचलून होल्डमध्ये, म्हणजे जहाजाच्या पोटातल्या मालाच्या कोठ्यांत, सोडतात. मी चीफ ऑफिसर, म्हणजे मेट होतो; माल कसा, किती आणि कुठे चढवायचा ते ठरवणं माझ्याकडे. वेंगुर्ल्यातलं माझं घर तिथून काही तासांच्या वाटेवर होतं, पण माल चढत असताना मेटला जहाज सोडता येत नाही.

पहिल्या दोन बार्ज निमूट रिकाम्या झाल्या. तिसऱ्या बार्जचा पहिला ग्रॅब तीन नंबरच्या होल्डमध्ये उघडला आणि आवाज बदलला. कोरडी माती पडते तेव्हा सर्रर्र असा लांबलचक आवाज येतो, वर धुरळा उठतो. हा आवाज थप्प असा आला, सारवायला आणलेला शेणाचा गोळा जमिनीवर टाकावा तसा. धुरळा उठला नाही. होल्डच्या भिंतीवर मात्र दोन पुरुष उंचीपर्यंत लाल शिंतोडे उडाले.

डेकवरच्या खलाशांचा मुकादम, बोसन, माझ्या शेजारी हॅचच्या, म्हणजे होल्डच्या तोंडाच्या, कठड्यावर वाकून बघत होता. तो मालवणचा, वयाने माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठा. इतरांसमोर तो हिंदीत बोले, पण तेव्हा त्याच्या तोंडून मालवणीच निघालं. "सायबानु, ह्यो माल न्हय. चिखल आसा."

मी लगेच क्रेन थांबवायला सांगितलं. एवढ्या घाईने का, ते कळायला आणखी दोन वर्षं मागे जावं लागेल.

२००५ मध्ये मी सेकंड ऑफिसर होतो. पूर्व किनाऱ्यावरच्या एका बंदरातून अशीच माती भरून आम्ही चीनकडे निघालो होतो. लोहखनिज फार जड. जहाजाची वजनाची मर्यादा गाठली तरी होल्ड अर्ध्याहून जास्त रिकामे दिसतात आणि सगळा भार तळाशी बसलेला असतो. अशा जहाजाचं डोलणं कडक असतं. लाट आली की ते झटक्याने कलतं आणि तितक्याच झटक्याने सरळ होतं, ताटातला भात इकडून तिकडे जातो, झोप लागत नाही. दक्षिण चीन समुद्रात शिरल्यावर दोन दिवस आम्ही हे सोसत होतो. तिसऱ्या रात्री, माझ्या बारा ते चारच्या पाळीत, डोलणं मवाळ झालं. जहाज सावकाश कलायचं, थोडं थबकायचं आणि आळसावल्यासारखं परत यायचं. टेबलावरचा चहाचा कप सरकायचा थांबला. मला बरं वाटलं. समुद्र पडला असं समजून मी लॉगबुकात तशी नोंदही करायला घेतली होती.

तेवढ्यात चीफ ऑफिसर बंडी-लुंगीवर धावत ब्रिजवर आले. झोपेतच त्यांना फरक जाणवला होता. माझ्याशी एक शब्द न बोलता ते कल मोजायच्या लंबकासमोर जाऊन उभे राहिले. लंबक डावीकडे सात अंशांवर जात होता, उजवीकडे एकवरच. म्हणजे जहाज सरळ उभंच राहत नव्हतं. तीन अंशांचा कल घेऊन ते त्याभोवती डोलत होतं.

तो कल कशाचा, हे कोकणात वाढलेल्या पोरालाही सांगता येईल. भरती ओसरल्यावर ओल्या वाळूवर उभं राहून पाय थापटत राहिलं की काय होतं? आधी घट्ट लागणारी वाळू थरथरते, पाणी वर येतं, पाय रुततात. लहानपणी आम्ही हा खेळ तासन्तास खेळायचो. वाळूचे कण एकमेकांवर टेकून असतात आणि मधल्या फटींत पाणी असतं. हादरे बसले की कण आवळून बसू पाहतात, फटी लहान होतात, आतल्या पाण्याला जायला जागा उरत नाही. त्याचा दाब वाढतो आणि तेच पाणी कणांना एकमेकांपासून सुटं करतं. क्षणापूर्वीची जमीन वाहायला लागते. होल्डमध्येही तेच होतं, फक्त पाय थापटायचं काम इंजिनाची थरथर आणि लाटा दिवसरात्र करतात. मग हजारो टन गारा कलाबरोबर एका बाजूला जातो आणि परत येताना पुरता येत नाही. प्रत्येक लाटेगणिक थोडा थोडा तिथेच राहतो.

कॅप्टननी वेग कमी केला, लाट नाकावर घेतली आणि व्हिएतनामच्या किनाऱ्याच्या आडोशाला जहाज नेलं. उलट बाजूच्या टाकीत बॅलास्टचं पाणी भरून कल काढू या, असं मी सुचवलं होतं. "नको," ते म्हणाले. "सरळ करायला गेलो आणि सगळा चिखल त्या बाजूला आला तर?" आडोशाला पोचल्यावर दोन नंबरचं हॅच थोडं उघडलं. बंदर सोडताना आत मातीचा ढीग होता, त्यावर मजुरांच्या पावलांचे ठसे होते, हे मी स्वतः पाहिलं होतं. आता आत सपाट, तुकतुकीत, तपकिरी तळं होतं आणि त्यात आमच्या टॉर्चचा गोल उजेड हलत होता.

म्हणून मुरगावला मी क्रेन थांबवली. कॅबिनमधून दूधपावडरचा रिकामा डबा आणला. एरवी जहाजावर सगळ्या गोष्टींना यंत्रं आहेत, पण मालवाहू जहाजांच्या आंतरराष्ट्रीय नियमावलीत ही एक चाचणी कुठल्याही खलाशाला हातानं करता येण्यासारखी लिहिलेली आहे. अर्धा ते एक लिटरचा गोल डबा घ्यायचा, तो मालाने निम्मा भरायचा आणि वीतभर उंचीवरून कठीण पृष्ठभागावर पंचवीस वेळा आपटायचा, दर ठोक्यामध्ये सेकंद-दोन सेकंद थांबून. मग वर पाणी सुटलं का, माल पातळ झाला का, ते बघायचं.

बोसन मोजत होता, मी आपटत होतो. दहाव्या ठोक्याला माती खाली बसली. पंधराव्याला तिच्यावर चकाकी आली. विसाव्यानंतर कडेने पाणी सुटलं आणि पंचविसाव्याला डबा कलता केला तर आतली माती दह्यासारखी सरकली.

माल पाठवणाऱ्यांचा माणूस हातात कागद घेऊन वर आला. त्या कागदावर ओलावा मर्यादेच्या आत होता. मर्यादा म्हणजे ज्या ओलाव्याला माल वाहायला लागतो त्याच्या नव्वद टक्के. मोजमाप प्रयोगशाळेत होतं, पण नमुना कोणत्या ढिगातून आणि कोणत्या दिवशी घेतला, त्यावर सगळं असतं. पावसाळाभर उघड्यावर भिजलेल्या ढिगाचा वरचा सुकलेला थर खरवडून नमुना घेतला तर आकडा सुरेख येतो.

"मेट साहेब, दरवर्षी हाच माल जातो," तो म्हणाला. "जहाजं पोचतात की!"

पोचतात, हे खरं होतं. आमचंही पोचलं होतं.

जहाजाच्या कुशीवर एक गोल आणि त्यातून जाणारी आडवी रेघ असते, प्लिमसोलची खूण. ब्रिटिश संसदेत सॅम्युएल प्लिमसोलने वर्षानुवर्षं भांडून १८७६ च्या कायद्याने ती सक्तीची करवून घेतली, कारण विमा उतरवलेली जहाजं मालक गच्च भरून पाठवत आणि खलाशी बुडत. आज ऋतू आणि समुद्र बघून रेघा वेगळ्या असतात, उष्ण समुद्राची वेगळी, हिवाळ्याची वेगळी, गोड्या पाण्याची वेगळी. मला त्या रेघेबद्दल फार आदर आहे. पण जहाजात किती भरलं एवढंच ती सांगते, काय भरलं ते नाही. त्या रात्री दक्षिण चीन समुद्रात आमची रेघ नियमाप्रमाणे पाण्याच्या वरच होती.

पुढे २००९ च्या पावसाळ्यात मंगळूरजवळ एशियन फॉरेस्ट आणि पारादीपजवळ ब्लॅक रोझ ही दोन जहाजं लोहखनिजाची माती घेऊन बुडाली. २०१० च्या अखेरीस इंडोनेशियातून निकेलची माती नेणारी तीन जहाजं सहा आठवड्यांच्या आत गेली, त्यांत ४४ खलाशी दगावले. २०१५ च्या २ जानेवारीला बॉक्साइट घेतलेलं बल्क ज्युपिटर उलटलं आणि १९ जणांतला एक वाचला. प्रत्येक बातमी वाचताना मला एकच प्रश्न पडतो. त्या जहाजांवरही कुणाला तरी मऊ डोलणं जाणवलं असेल का? त्यालाही बरं वाटलं असेल का?

मुरगावला कॅप्टन खाली आले. मी डबा दाखवला. "परत कर," ते म्हणाले, "माझ्यासमोर." पुन्हा पंचवीस ठोके. मग त्यांनी माल घ्यायचं बंद केल्याचं पत्र स्वतःच्या हाताने लिहिलं. समुद्रावरच्या सुरक्षिततेच्या सोलास या आंतरराष्ट्रीय करारानं कॅप्टनला हा अधिकार दिलेला आहे, पण तो वापरताना समोर फोन वाजत असतात. जहाज भाड्याने घेणाऱ्यांचा फोन, एजंटाचा फोन, रोजच्या खोळंब्याचे डॉलर मोजून दाखवणाऱ्यांचा फोन. चार दिवस ते चाललं. तटस्थ सर्वेक्षक आले, बार्जच्या तळापासून नमुने गेले, प्रयोगशाळेचा आकडा मर्यादेच्या वर निघाला. तीन नंबरमध्ये उतरलेला माल ग्रॅबने परत काढला. तळाचा चिकटलेला थर माणसांनी फावड्यांनी ओढला. त्यांच्या अंगावरचा घामही लाल होता.

मग कोरडा माल आला. प्रत्येक बार्जला मी डबा आपटला. चाचणी पार पडली म्हणजे माल निर्धोक, असं नियमावलीही म्हणत नाही. म्हणून निघण्याआधी ढीग सपाट करून घेतले आणि तीन नंबरच्या मातीवर मी आणि बोसन या कडेपासून त्या कडेपर्यंत मुद्दाम चालत गेलो.

मलाक्काच्या सामुद्रधुनीतून बाहेर पडल्यावर समुद्र चढला. जहाज कडक डोलत होतं आणि कुणालाच नीट झोप नव्हती. रोज सकाळी मॅनहोल उघडायचं, आतली हवा मोजायची, मग बोसनने शिडीवरून अर्धं खाली उतरून टॉर्च मारायचा. सातव्या दिवशीही त्याने खालून हाक दिली, "पावलां आसत, सायबानु." मी वाकून पाहिलं. त्याच्या रुंद पायांचे आणि माझ्या बुटांचे ठसे जसेच्या तसे होते. माझ्या डाव्या बुटाच्या टाचेची झिजलेली कडसुद्धा मातीत स्पष्ट दिसत होती.