जमेची बाजू

साहित्यसंस्थेच्या कार्यक्रमपत्रिकेत सर्वांत शेवटी 'आभारप्रदर्शन' नावाचा एक विषय असतो. इंदुरातील मराठी मंडळींच्या अनेक कार्यक्रमांत हे काम वर्षानुवर्षे आमच्याकडे असे. वक्त्याचे भाषण संपले की अर्धे सभागृह चपला शोधू लागते, उरलेले अर्धे चहाच्या वासाकडे वळते, आणि त्या गडबडीत आम्ही अध्यक्षांपासून ध्वनिक्षेपकवाल्यापर्यंत सर्वांची नावे यादीवरून वाचीत असू. यादीतले एकही नाव आमच्या हातून कधी गळले नाही, याचा आम्हांस अभिमान होता. पण त्यांपैकी एका तरी नावापाशी आमचे मन क्षणभर थांबले होते काय, असे कोणी विचारले असते, तर उत्तर देणे अवघड गेले असते.

दोष सर्वस्वी आमचा नव्हता. थोडा आमच्या पेशाचाही होता. मध्य प्रदेश शासनाच्या सेवेत आम्ही हिशेब तपासण्यात छत्तीस वर्षे घालविली. धार, झाबुआ, खरगोन, उज्जैन अशा बदल्या होत गेल्या. गावे बदलली, काम तेच राहिले. समोर आलेल्या वहीत काय बरोबर आहे, हे तपासनीस पाहत नाही. जे बरोबर आहे त्यावर हिरव्या पेन्सिलीची एक बारीक खूण करून तो पुढे जातो. त्याची नजर थांबते ती गहाळ पावतीपाशी, खाडाखोडीपाशी. शंभर नोंदींपैकी नव्व्याण्णव चोख असल्या, तरी अहवाल लिहिला जातो तो शंभराव्या नोंदीवर. सरकारी काम असेच करावे लागते, आणि आम्ही ते प्रामाणिकपणे केले. २०२१ साली निवृत्त झालो, खुर्ची सोडली. नजर मात्र घरी घेऊन आलो.

मग घराची तपासणी सुरू झाली. चहात आले कमी आहे. वर्तमानपत्र सव्वासातला आले, सातला यावयास हवे होते. पोह्यांवर जिरावण आज जास्त पडले आहे. सूनबाई फोनवर फार वेळ बोलते, नातू अक्षर तिरपे काढतो. एकही आक्षेप खोटा नव्हता. प्रत्येकास पुरावा होता. तरी हळूहळू आमच्या ध्यानात आले, की आम्ही बैठकीच्या खोलीत शिरलो की तिथले बोलणे आपोआप आटोपते. एकदा नातवाने त्याचे चित्र दाखविण्यापूर्वीच सांगून टाकले, "आबा, डावीकडचं झाड चुकलंय, मला माहीत आहे." आठ वर्षांच्या मुलाने आपल्या चुकीची कबुली आधीच लिहून आणावी, असा आमचा दरारा. त्या रात्री झोप नीट लागली नाही. पण सवय तशी सुटत नाही.

२०२३ च्या हिवाळ्यात सौभाग्यवतींच्या पित्ताशयाची शस्त्रक्रिया झाली. दुखणे थोडे लांबले, अकरा दिवस रुग्णालयात काढावे लागले. मुलगा आणि सूनबाई आळीपाळीने तिथे राहत. आम्ही रात्री घरी येत असू. चव्वेचाळीस वर्षे ज्या घरात राहिलो, ते घर आम्हांस मुळीच ठाऊक नाही, हे त्या अकरा दिवसांत समजले. पाणी कोणत्या दिवशी येते, दुधाचा रतीब केव्हा कमी करावयाचा, आमच्याच रक्तदाबाच्या गोळ्या कोणत्या डब्यात असतात, काहीच सांगता येईना. चौथ्या दिवशी दूधवाल्याचा हिशेब पाहण्यासाठी आम्ही स्वयंपाकघरातली भिंतीवरची दिनदर्शिका काढून टेबलावर ठेवली.

तारखांच्या चौकोनांत सौभाग्यवतींचे बारीक अक्षर होते. दुधाचे खाडे, सिलिंडर लावल्याची तारीख, मोलकरणीची रजा, हे तर होतेच. पण काही चौकोनांच्या कोपऱ्यांत आणखी काही लिहिलेले आढळले. 'पारिजातक प्रथम फुलला.' 'भुट्ट्याचा कीस छान जमला.' 'संध्याकाळी गार वारा, गच्चीवर बसलो.' 'ह्यांचा खोकला थांबला.' आम्ही खुर्ची ओढून बसलो आणि तपासनिसाच्या शिस्तीने जानेवारीपासून सगळे महिने वाचून काढले.

सप्टेंबरातल्या एका तारखेपाशी हात थांबला. तो दिवस आम्हांस पक्का आठवत होता. जेवायला पाहुणे आले होते, आमटीत मीठ जास्त झाले होते, आणि आम्ही त्यांच्यादेखत, नको तितक्या मोठ्या आवाजात, तो आक्षेप नोंदविला होता. त्या चौकोनात काय लिहिले असेल, असे वाटून जीव घाबरला. तिथे दोनच शब्द होते : 'गुलबाक्षी उमलली.'

बाईंनी आमच्याविरुद्ध काही लिहिले असते, तर आम्ही त्याला उत्तर तयार केले असते. त्यात आम्ही मुरलेले होतो. पण ज्या वहीत आपला अपराध चढविलेलाच नाही, तिला उत्तर काय देणार?

त्या बऱ्या होऊन घरी आल्यावर आम्ही धीर करून दिनदर्शिकेचा विषय काढला. त्या हसून म्हणाल्या, "अहो, दुधाचं लिहून चौकोनात जागा उरायची, म्हणून लिहिलं. त्यात काय एवढं!" आणि आम्ही सकाळच्या चहाबद्दल जेव्हा प्रथमच "छान झालाय हं" असे म्हटले, तेव्हा त्यांनी कप खाली ठेवला आणि विचारले, "तुम्हांला बरं वाटतंय ना? रक्तदाब बघू या का?"

त्याच आठवड्यात आम्ही एक जुनी, लांबट, लाल कापडी बांधणीची वही काढली. व्यापारी ज्या वहीत दिवसाचे व्यवहार त्याच दिवशी टिपतात, तिला रोजकीर्द म्हणतात. आम्ही तेच नाव घातले. रात्री निजण्यापूर्वी दिवसभरात जमेस आलेल्या तीन गोष्टी लिहावयाच्या, एवढाच संकल्प.

पहिले आठ दिवस फजितीत गेले. 'आरोग्य चांगले आहे', 'कुटुंब सुखी आहे', 'देवाची कृपा आहे' असल्या नोंदी होऊ लागल्या. या तर पुन्हा आभारप्रदर्शनाच्या याद्या! कोणत्याही तपासनिसाने 'तपशील नाही' असा शेरा मारून त्या परत केल्या असत्या. तेव्हा आम्ही आमच्याच खात्याचे नियम वहीला लावले. नोंद त्याच दिवसाची असावी. तिला तपशील असावा. 'हवा चांगली होती' असे नव्हे, तर 'साडेसहाला ओसरीच्या दुसऱ्या पायरीपर्यंत ऊन आले, तिथे बसून पाय शेकले' असे. जिच्यामुळे वा ज्याच्यामुळे जमा झाली, त्या व्यक्तीचा उल्लेख असावा. आणि चौथा, सर्वांत कठीण नियम असा, की आठवड्यातून एक नोंद त्या व्यक्तीस तोंडी कळवावी.

छत्तीस वर्षांची नजर येथे कामास आली, हे मुद्दाम सांगावयास हवे. बारकावा पाहण्याचे शिक्षण तेच. फक्त पान उलटले. कचऱ्याची गाडी गाणे वाजवीत येते, त्या गाण्यावर आम्ही पूर्वी वैतागत असू. गाडीमागचा मुलगा पलीकडच्या आजींची बादली स्वतः फाटकातून उचलून आणतो, हे आम्ही तीन वर्षांत पाहिले नव्हते. त्याला तसे सांगितले, तेव्हा तो ओशाळून दुसरीकडे पाहू लागला. दुसऱ्या दिवशी मात्र त्याने आम्हांस आधी नमस्कार केला.

आमच्या भाषेने या गोष्टीसाठी किती नेमका शब्द घडविला आहे! 'कृतज्ञ' म्हणजे 'कृत' जाणणारा, आपल्यासाठी कोणी काय केले हे ज्याला ठाऊक आहे तो. आणि 'कृतघ्न' म्हणजे ते केलेले मारून टाकणारा. आम्ही कृतघ्न नव्हतो खास. कोणाचे केलेले आम्ही कधी पुसले नाही. पण या दोहोंच्या मध्ये एक मोठा प्रदेश आहे, आणि बहुतेक सज्जन माणसे तिथेच राहतात. ती केलेले नाकारत नाहीत, जाणूनही घेत नाहीत. आमचा मुक्काम तिथेच होता.

आपल्या जुन्या चालीरीतींनी हे ओळखले असावे. म्हणून तर पिठोरी अमावास्येला बैलाची शिंगे रंगवून त्याला पुरणपोळी देतात, दसऱ्याला कारागीर अवजारांची आणि कारकून दौत-लेखणीची पूजा करतो. वर्षातून एकदा तरी थांबून पाहा, कोणाच्या जिवावर चालले आहे ते! पूजा राहिली, पाहणे तेवढे सुटत गेले. परदेशातही याचा विचार झाला आहे. रॉबर्ट एमन्स आणि मायकेल मॅकुलो या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी २००३ साली प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात काही विद्यार्थ्यांना दहा आठवडे, आठवड्यातून एकदा, ज्यांबद्दल कृतज्ञ वाटले अशा गोष्टी लिहावयास सांगितले होते. दुसऱ्या गटास त्रासदायक गोष्टी. पहिल्या गटाला आपले आयुष्य अधिक समाधानाचे वाटले. मुलाने ही माहिती दिली, तेव्हा आम्हांस सौभाग्यवतींच्या चौकोनांची आठवण झाली. त्यांचा प्रयोग दहा आठवड्यांहून बराच लांबला होता.

आता वहीने आमच्याकडून जे करविले, ते सांगतो.

गेल्या वर्षी वैशाखात एका रात्री आम्ही लिहिले, 'नळाला पाणी वेळेवर आले; माठ भरला.' तपशिलाच्या नियमानुसार पुढे विचार केला, की हे पाणी येते कोठून? मंडलेश्वरजवळच्या जलूद येथे नर्मदेचे पाणी उचलतात, आणि ते विंध्याचा चढ चढून सुमारे ७० किलोमीटरांवरून इंदुरात येते. त्यासाठी १९७० मध्ये या शहराच्या नागरिकांनी मोठे आंदोलन केले होते. १९७८ मध्ये पाणी प्रत्यक्ष आले. तत्पूर्वी यशवंतसागर आणि बिलावलीचा तलाव यांवर मदार होती, आणि उन्हाळ्यात हाल होत. १९७५ च्या चैत्रात आमची अकरावीची परीक्षा होती. पहाटे चारला सार्वजनिक नळावर रांग लागे. रांगेत कोण उभे राहत असे?

लेखणी थांबली. दादा उभा राहत असे. "तू वाच, मी भरून आणतो," असे म्हणून आमचा मोठा भाऊ दोन हातांत दोन बादल्या घेऊन तीन गल्ल्या चालत येई. त्या महिन्यात आम्हांस त्याने एकदाही उठविले नाही.

आणि त्या दादाशी आम्ही २००९ पासून बोललो नव्हतो. वडिलोपार्जित वाड्याच्या वाटणीवरून बिनसले. कागदपत्रांच्या दृष्टीने आमची बाजू चोख होती, आजही आहे. पण वाटणीच्या कागदावर बादल्यांचा रकाना नव्हता.

नोंद लिहिली, आणि चौथा नियम समोर उभा राहिला. तीन आठवडे आम्ही तो टाळला. दुधवाल्याचे, शेजाऱ्यांचे आभार मानून वेळ मारून नेली. शेवटी एका रविवारी देवासला फोन लावला. काय बोलावयाचे ते कागदावर लिहून ठेवले होते. पलीकडून दादाचा थकलेला आवाज आला, आणि कागदावरचे एकही वाक्य तोंडातून निघेना. आम्ही एवढेच म्हणालो, "दादा, परीक्षेच्या वेळी पाणी तू भरायचास." बराच वेळ तो काही बोलला नाही. मग म्हणाला, "तुला आठवतंय होय?" आणि थोड्या वेळाने, "जेवलास का?"

वाड्याचा प्रश्न सुटलेला नाही. तो सुटेल असेही नाही. दादा आता महिन्यातून दोनदा फोन करतो. दिवाळीत भाऊबिजेच्या दुसऱ्या दिवशी येऊन राहिला. वाड्याविषयी दोघेही बोलत नाही.

एक गैरसमज मात्र होऊ नये. जमेची बाजू लिहू लागलो म्हणजे खर्चाची बाजू फाडून टाकली, असे नव्हे. रस्त्यातला खड्डा खड्डाच असतो. त्याची तक्रार आम्ही आजही लेखी करतो आणि पोच घेतो. नळाला पाणी येते याबद्दल कृतज्ञ असावे, आणि ते शुद्ध आहे की नाही हेही निक्षून विचारावे. ज्याच्यावर अन्याय झाला आहे त्याला 'जे आहे त्यात समाधान मान' असे सुनावणे, ही कृतज्ञता नव्हे; ती दुसऱ्याच्या खिशातून केलेली उदारता आहे. हिशेब दोन्ही बाजूंनी लिहिला तरच खरा. आम्ही इतकी वर्षे एकच बाजू लिहीत आलो होतो, एवढेच आमचे म्हणणे.

वहीत खाडेही आहेत. गेल्या पावसाळ्यात महिनाभर काही लिहिले नाही, आळस झाला. कधी कधी तीन नोंदी जमत नाहीत, तेव्हा एकच लिहितो. जिवलग मित्राला निरोप देऊन स्मशानातून परतलो, त्या रात्री एवढेच लिहिले, 'सूनबाईने न विचारता अंघोळीचे पाणी तापवून ठेवले होते.'

नातू हल्ली चित्र दाखवायला आणतो, तेव्हा आधी काही सांगत नाही. चित्र पुढे ठेवून नुसता उभा राहतो. डावीकडचे झाड अजून चुकतेच. आम्ही आधी उजवीकडच्या नदीविषयी बोलतो.

स्वयंपाकघरात नव्या वर्षाची दिनदर्शिका लागली आहे. परवा दुधाचा खाडा मांडताना आम्ही कोपऱ्यात पेन्सिलीने लिहिले, 'चहात आले बेताचे.' संध्याकाळी पाहिले, तर त्याखाली सौभाग्यवतींच्या अक्षरात शेरा होता : 'तपासले. बरोबर आहे.'